बोल्टचे आटे गेले, तर ते बिलावर लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की घोडबंदर रस्त्याने आणि शीव-पनवेल महामार्गाने रोज ये-जा करणाऱ्या गाड्या सस्पेन्शनच्या कामासाठी गॅरेजात लागतात. लोअर आर्म, बॉल जॉइंट, शॉकअब्सॉर्बर बदलल्याची नोंद बिलावर येते. पण ते खोलताना किंवा बसवताना एखाद्या बोल्टचे आटे गेले असतील, तर त्यावर काय इलाज केला याचा उल्लेख बिलावर सहसा सापडत नाही. वागळे इस्टेटमधील टूलरूममध्ये उमेदीची वर्षे गेल्यामुळे या विषयावर लिहावेसे वाटले.

आमच्या सोसायटीतील एका गाडीचा बॉल जॉइंट नवा बसवूनही खड्ड्यात पुढच्या चाकाकडून ‘टक्’ असा आवाज येतच होता. बॉल जॉइंटची, म्हणजे लोअर आर्म आणि चाक यांच्यामधल्या गोल सांध्याची, दांडी नकलमध्ये (चाक ज्यावर बसते त्या भागात) आवळून धरणारा आडवा बोल्ट काढून पाहिला, तेव्हा त्याच्यावर नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली होती आणि टेपमध्ये नकलच्या आट्यांचा चुरा रुतलेला होता. टेप भरल्यामुळे बोल्ट फिरवताना हाताला घट्ट लागे, पण दांडीवर पकड म्हणून शून्य. पाणी गळू नये म्हणून बनवलेल्या टेपवर अख्खे चाक सोपवण्याचे धाडस कोणाला सुचले, ते कळायला मार्ग नाही, कारण ही दांडी निसटली तर चाक जागेवर राहत नाही आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते.

आटे जातात ते बहुतेक वेळा घाईने. बोल्टचे पहिले तीन-चार फेरे हाताने फिरले पाहिजेत. ते न करता थेट हवेच्या दाबाने बोल्ट आवळणारी गन लावली, तर तिरका बसलेला बोल्ट गन मुकाट्याने आत रेटते आणि समोरचे आटे कापत जाते. दुसरे कारण पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराचे. १२ मिलिमीटरचा बोल्ट १.२५ पिचचाही मिळतो आणि १.५ पिचचाही, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, चुकीचा बोल्टसुद्धा दोनेक फेरे जातो आणि मग अडतो. तिथेच थांबून पिच गेज लावून पाहणारा कारागीर खरा. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत गंजलेला बोल्ट तेल न सोडता आणि मागे-पुढे न हलवता एका दमात उपटला, तरी तो समोरचे आटे घेऊनच बाहेर येतो.

दुरुस्ती अवघड नाही, पण तिला शिस्त लागते. आटे नुसतेच चेपले असतील, तर त्याच मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, फिरवून ते साफ होतात. ते तुटून गेले असतील, तर छिद्र मोठे करून, त्यात खास टॅपने नवे आटे पाडून स्टेनलेस तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, किंवा भरीव आट्यांची बुश बसवतात, आणि मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा लागतो. १० मिलिमीटरच्या बोल्टसाठी छिद्र जेमतेम १० मिलिमीटरच्या वर जाते. ड्रिल मात्र सरळच गेले पाहिजे आणि वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली बसले पाहिजे. ॲल्युमिनियमच्या भागात अशी दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षाही भक्कम ठरू शकते, कारण बाहेरचे आटे मोठ्या व्यासाचे होतात. छिद्र लंबगोल झाले असेल, नकलला चीर गेली असेल किंवा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात भाग बदलायला सांगितला असेल, तर मात्र ग्राहकाच्या खिशाकडे न पाहता नकलच बदलावे. बोल्टला वेल्डिंगचा टिपका देणे हा इलाजच नव्हे. उष्णतेने कडक पोलादाचा कस जातो आणि शेजारची रबरी बुश जळते ती वेगळीच.

बोल्टच्या डोक्यावरील आकडाही पाहिला पाहिजे. १०.९ असे लिहिलेला बोल्ट दर चौरस मिलिमीटरला किमान १००० न्यूटन ताण सोसतो. त्याच्या जागी कोपऱ्यावरच्या हार्डवेअर दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट लावणे म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणे. आवळणीचेही तसेच. आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण दहा टक्केच प्रत्यक्ष पकडीत उतरतो, बाकीचा घर्षणात जातो, त्यामुळे गंज किंवा ग्रीस असेल तसा हाताचा अंदाज बदलतो. आटे स्वच्छ करून, पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, बोल्ट आवळावा.

वागळे इस्टेटपासून रबाळे-महापेपर्यंत लेथवाल्यांची आणि टॅप-ड्रिलचे काम जाणणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. गॅरेजात साधन नसेल, तर नकल उतरवून त्यांच्याकडे पाठवावे. गाडी एक दिवस उशिरा मिळाली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतील गॅरेजमालकांना माझी एवढीच विनंती आहे की, सस्पेन्शनच्या बोल्टचे आटे गेले तर ते ग्राहकाला आधी दाखवावेत आणि कोणता बोल्ट, कोणता इलाज आणि किती टॉर्क, हे बिलावर लिहून द्यावे. ग्राहकांनीही काढलेला जुना बोल्ट मागून घ्यावा आणि त्याचे आटे उजेडात धरून पाहावेत.

आपला,
एक वाचक, कळवा, ठाणे