तिळ्यांच्या बातमीखाली एवढी एक ओळ छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘एकाच वेळी तीन बाळं, बाळंतीण सुखरूप’ अशी बातमी अधूनमधून फोटोसह छापून येते. मी तिळ्या नातवंडांची आजी. फोटोच्या नंतरचं सांगावं म्हणून लिहिते आहे.

सुनेला सहा वर्षं मूल नव्हतं. स्त्रीबीज तयार व्हावं म्हणून तिनं इंजेक्शनं घेतली. बीजं जास्त वाढली तर तिळंसुद्धा राहू शकतं, सोनोग्राफीत तसं दिसलं तर तो महिना सोडून देता येतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पडद्यावर तीन ठोके दिसले तेव्हा वाडीभर पेढे मीच वाटले.

मिरजेच्या डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलं. तिळं साधारण बत्तिसाव्या आठवड्यातच येतं, आईला बीपी, साखर, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तीनातला एक गर्भ कमी करण्याचा मार्गही सांगितला. मुलगा-सून दोन रात्री झोपले नाहीत, मग नको म्हणाले. त्यांचा निर्णय चूक की बरोबर, हे मी आजही सांगू शकत नाही.

आमचं गाव जत तालुक्यात, आडबाजूला. अठ्ठाविसाव्या आठवड्यातच मिरजेत खोली घेतली, म्हणून निभावलं. एकतिसाव्याला कळा सुरू झाल्या. बाळांच्या फुप्फुसांसाठी बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं द्यायला तेवढा वेळ मिळाला. बाळंतपणानंतर ताणलेली पिशवी आकसेना, चार बाटल्या रक्त चढवलं. बाळं १ किलो ५२०, १ किलो ४१० आणि १ किलो २५० ग्रॅमची. काचेतून बाहेर आल्यावर तिघांना छातीशी धरायला एकटी आई कुठवर पुरणार? एक माझ्याकडे असायचं. पदराखाली त्याची टाळू माझ्या हाडाला लागायची, ऊन ऊन. त्या वर्षीची डाळिंबं सगळी दवाखान्यात गेली. त्याचं काही वाटत नाही.

वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. घरी सोडताना दिलेल्या कार्डावर डोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. अठ्ठाविसाव्या दिवशी नर्स असलेली माझी भाची बाळं बघायला आली आणि दारातच तिनं विचारलं, “मावशी, डोळे दाखवले का?” दुसऱ्या दिवशी गेलो. धाकट्याच्या डोळ्यातल्या पडद्यावर रक्तवाहिन्या भलत्याच वाढत होत्या. दोन दिवसांत लेझर झालं. आज तो चार वर्षांचा आहे, चष्मा लावतो, अंगणातली मुंगी दाखवतो. भाची त्या आठवड्यात आली नसती तर, हा विचार मला अजून रात्री उठवतो.

दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ असेल, तर तीस दिवसांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, आईला काही कळत नाही. दवाखान्यांनी ही तारीख कार्डावर लाल शाईनं लिहावी. आणि आपण तिळ्यांचा फोटो छापाल तेव्हा त्याखाली एवढी ओळ छापावी, ही विनंती.

– एक आजी, जत तालुका, जि. सांगली