टँकर आला का?

संपादक साहेब,

आम्ही वाघोलीत राहतो, २०२१ मध्ये जी २३ गावं पुणे शहरात घेतली त्यातलं हे एक, म्हणजे कागदावर आम्ही पुणेकर, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळचा पहिला मेसेज गुड मॉर्निंगचा नसतो, 'टँकर आला का?' हाच असतो. उन्हाळ्यात मेंटेनन्सचा निम्मा पैसा त्यातच जातो. बाकी गॅलरीतून अजून ज्वारीचं एक वावर दिसतं, कधीमधी मोरही येतो, तेवढं सुख आहे हो. पण नगर रोडवर संध्याकाळी अडकलं की घरी कधी पोचणार ते बायकोला सांगणं मी सोडूनच दिलंय. नवीन टॉवर उभा करताना पाणी कुठनं आणणार ते आधी साइटच्या बोर्डावर लिहायला लावा की!

– एक वाचक, वाघोली