दिवा विझला म्हणून

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बिघाडाचा दिवा लागतोय हे माहीत असताना विमान सोडता तरी कसे?" तेव्हा मी ड्युटीवर होते, धड बोलता आलं नाही.

सोडता येतं, कारण विमानात महत्त्वाच्या यंत्रणा बहुधा एकाहून जास्त असतात. काय बंद असताना उडायला चालतं आणि किती दिवस, याची एमईएल नावाची यादी असते. काही बिघाडांना तीन दिवसांची मुदत, काहींना दहा. त्यात लपवाछपवी नसते, सगळं टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं.

डोकं खातो तो अधूनमधून येणारा स्नॅग, म्हणजे बिघाड. आमच्या एका ए-३२० विमानावर चाकांची स्थिती सांगणाऱ्या दोन कॉम्प्युटरपैकी पहिल्याचा इशारा यायचा. मास्टर कॉशनचा, म्हणजे सावधगिरीचा, पिवळा दिवा, स्क्रीनवर अक्षरं. विमान खाली आलं, आम्ही टेस्ट घेतली, की सगळं ठणठणीत. मग लॉगमध्ये तीच ओळ : जमिनीवर तपासलं, ठीक आढळलं. या ओळीचा मला मनस्वी राग आहे.

आधी दोन्ही कॉम्प्युटरची अदलाबदल केली. बिघाड डब्याबरोबर सरकला असता तर डबाच खराब. तो पहिल्याच जागी राहिला, म्हणजे वायर नाहीतर सेन्सर. मग तुमचा डेपोतला प्रश्न कामी आला : ड्रायव्हरला आधी विचारा, चढावर होतं की उतारावर? वैमानिकांना विचारलं. दिवा दर वेळी टेक-ऑफनंतर चाकं आत गेल्यावरच लागत होता. आणि आम्ही तपासत होतो चाकं बाहेर असताना!

विमान हँगरमध्ये जॅकवर चढवायला सांगितलं. त्यावरून बरीच बोलाबोली झाली, कारण उड्डाणं रद्द करायची कुणाला हौस नसते. रात्री चाकं आत-बाहेर करून पाहिली आणि दिवा आमच्यासमोर लागला. चाकांच्या पायावरून जाणाऱ्या एका वायरच्या आतल्या तारा तुटल्या होत्या. वरचं आवरण शाबूत. चाकं बाहेर असली की टोकं टेकायची, आत घेतली की सुटायची.

एवढा हट्ट का धरला ते सांगते. डिसेंबर २०१४ मध्ये सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअरएशियाचं ए-३२० जावा समुद्रात पडलं, १६२ माणसं गेली. रडरची, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची, हालचाल मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेतल्या सोल्डरच्या जोडाला भेग होती. वर्षभरात त्याच यंत्रणेच्या तक्रारी २३ वेळा नोंदल्या गेल्या होत्या. शेवटच्या उड्डाणात इशारा चार वेळा आला. चौथ्या वेळेची नोंद सर्किट ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारी कळ, ओढल्यासारखी दिसते, असं इंडोनेशियाचा तपास अहवाल म्हणतो. ऑटोपायलट सुटला आणि वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. नुसत्या भेगेने ते पडलं नसतं, हे खरं. पण भेग आधीच सापडली असती तर त्या दिवशी कुणाला ब्रेकरला हात लावायची वेळ आली नसती.

आमची ती वायर बदलली, पुन्हा चाकं आत-बाहेर केली, मगच सही केली. अजून तरी ती तक्रार परत आलेली नाही. लॉग मात्र मी रोज बघते.

आई, गणपतीची रजा मंजूर झाली. रात्रपाळी संपवून थेट निघेन, स्टेशनवर यायची धावपळ करू नका.

तुमची,
मनू