प्रेक्षकांना गायला लावा, पण पट्टी बघून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भाऊबीजेच्या संध्याकाळी सोलापुरात नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला, त्याला सहकुटुंब गेलो होतो. निमंत्रणावरच छापलं होतं, ‘ऐकायला नको, गायला या’. आम्ही खूश. इतक्या दिवाळ्या पहाटे शाली गुंडाळून नुसत्या टाळ्याच वाजवत आलो.

नांदीला कुणाला आग्रह करावा लागला नाही. शेजारी शहराच्या पूर्व भागातले आमचे तेलुगू मित्र होते. त्यांनी ‘पंचतुंड’ घडाघडा म्हटलं आणि मी मराठी माणूस ‘विघ्नवर्गनग’पाशी अडखळलो!

घोटाळा पुढे झाला. ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ सुरू झालं, तेही गायिकेच्या काळी पाचमध्ये, म्हणजे बायकांच्या उंच पट्टीत (सुरात). आम्ही पुरुष मंडळी खाली गेलो तर खर्ज, वर गेलो तर किंचाळी. त्यात सभागृहात काळोख आणि हातात शब्द नाहीत. मुखडा सगळ्यांना येतो हो, अंतऱ्याचं काय? दोन ओळींत हॉल गप्प झाला. गायिकेचा दोष नाही, बाईंचा गळा तयारीचा होता. पण १९१६ सालच्या त्या नाटकाला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या अंगाने चाली दिल्या. त्या ऐकाव्यात, मान डोलवावी, वन्समोअर द्यावा. चारशे जणांनी मिळून तान घ्यायला जाऊ नये.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं तसं नव्हतं. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आणताना त्यांनी साकी, दिंडी, कामदा अशा लोकांच्या कानावर आधीच बसलेल्या चाली घेतल्या. गृहस्थ मूळचे कानडी मुलखातले, गुर्लहोसूरचे, त्यामुळे कानडी चालीही आल्या. आमच्या सौ.चं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी बोलणारं. या जुन्या पदांना ती शब्द माहीत नसतानाही गुणगुणते. सोलापुरात चार भाषांची माणसं एका रांगेत बसतात, तिथे याहून सोयीचं काय सापडणार?

आणि ते त्याच रात्री दिसलंही. ‘सौभद्र’मधल्या ‘प्रिये पहा’च्या आधी पेटीवाल्यांनी गायकाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पट्टी खाली, काळी दोनवर आणली. गायकाने हरकती गुंडाळून ठेवल्या, ओळ सरळ म्हणून दाखवली आणि थांबले. मग जो आवाज उठला! मागच्या रांगेतले एक आजोबा अर्धी मात्रा पुढेच पळत होते. पण त्यांना आवरायचं कुणाच्या मनात आलं नाही.

पट्टी खाली आणली तर रंग जातो, असं मध्यंतरात एकजण म्हणाले. बालगंधर्वांची ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी पुरुषाच्याच गळ्यातून गायली ना? तिचा रंग गेल्याचं ऐकिवात नाही.

आयोजकांना विनंती एवढीच की, पुढच्या वेळी प्रेक्षकांनी गायची सहा-सात पदं आधी ठरवा, शक्यतो किर्लोस्करी. बाकीची गायकांना मनसोक्त गाऊ द्या, ‘कट्यार काळजात घुसली’तली पदंही होऊ द्या, आम्ही गप्प बसून ऐकू. आमच्या पदांना मात्र दिवे चालू ठेवा आणि शब्दांचा कागद द्या, अक्षर मोठं. कागद वाटायला माणूस नसेल तर मी अर्धा तास आधी दारात येऊन उभा राहतो.

आपला,
एक वाचक, सोलापूर