नोंदवही मंजुरीआधी उघडावी

कोकणातील नगरपरिषदांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या निष्क्रिय आहेत, हा आपल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष अर्धाच पटतो. जैवविविधता अधिनियम, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने अशी समिती नेमणे बंधनकारक असून, लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातील जीवसृष्टीची स्थानिकांच्या मदतीने केलेली नोंद, तयार करणे हे तिचे मुख्य काम आहे. आमच्या शहरात निवृत्त शिक्षक, मच्छीमार महिला आणि महाविद्यालयीन विद्यार्थी स्वतःचा वेळ देऊन ते करतात. खाडीकाठचे कांदळवन, पावसाळ्यात सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) फुलणाऱ्या वनस्पती आणि पऱ्ह्यांच्या (लहान ओढ्यांच्या) वाटा त्यांनी नोंदल्या आहेत. प्रश्न आहे तो ही नोंदवही पुढे कोण उघडतो याचा. पऱ्ह्याकाठी भराव घालण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा समितीचे मत मागवलेच जात नाही (सत्कार समारंभाला मात्र तिचे सदस्य न चुकता आठवतात). जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाल्यानंतर तरी पाण्याच्या वाटांची माहिती कपाटात ठेवणे परवडणारे नाही. भराव, गटार आणि रस्त्याच्या प्रत्येक प्रस्तावासोबत समितीचा लेखी अभिप्राय जोडण्याचा ठराव नगरपरिषदेने येत्या सर्वसाधारण सभेत करावा.

– एक वाचक, जि. रत्नागिरी