बीआरटीएसची जागा आधी पायी चालणाऱ्यांना द्या: इंदूरच्या महापौरांना खुले पत्र

प्रति,
मा. महापौर,
इंदूर

सविनय नमस्कार.

एबी रोडवरच्या बीआरटीएसच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गाच्या, रेलिंगा निघू लागल्या तेव्हा गाडीवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, सुमारे साडेअकरा किलोमीटरचा हा पट्टा. 2013 मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था काढायला फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने मुभा दिली. ते योग्य झाले की नाही, हा वाद मला उकरून काढायचा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, मोकळ्या होणाऱ्या जागेतला पहिला वाटा पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा असावा, आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे काढून ठेवलेले असावेत.

पहिला वाटा असे मुद्दाम म्हणते आहे. आपल्याकडे रस्त्याचा आराखडा मधून कडेकडे सरकतो. आधी मोटारींच्या लेन, मग दुभाजक, मग पार्किंग, आणि उरेल ते फुटपाथला. ते उरलेले कसे असते, हे चालणाऱ्याला ठाऊक असते. फुटपाथ सुरू होतो तोच फूटभर उंचीवर. गुडघे धरलेल्या बाईला ती पहिली पायरीच चढवत नाही. वर चढले की दहा पावलांवर विजेची डीपी, तिच्याभोवती जाळी. मग कुणाच्या फाटकासाठी केलेला उतार, म्हणजे पुन्हा खाली. पेव्हर ब्लॉक एका अंगाने खचलेले. पावसाळ्यात त्यावर पाय पडला की खालचे गढूळ पाणी थेट साडीवर उडते. पुढे दुकानाची पाटी, पाटीसमोर ओळीने लावलेल्या स्कूटरी. तिथे माणूस नाइलाजाने रस्त्यावर उतरतो. आणि मग लोकांना फुटपाथवरून चालायची सवयच नाही, असे त्यालाच ऐकवले जाते!

नियम नाहीत असे नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने 2012 मध्येच सांगितले आहे की चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथची कड 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको. मोकळी याचा अर्थ झाड, खांब, डीपी सोडून. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 खाली, म्हणजे जगण्याच्या हक्कात, नागरिकाचा हक्क ठरवला. देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यांत 32,825 पायी चालणारी होती. जवळजवळ पाचातला एक.

सायकलबद्दल एक गैरसमज आहे, तोही दूर व्हावा. सायकल म्हटले की रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. त्यांचे कौतुकच आहे. पण सकाळी विजय नगरच्या बाजूला उभे राहिले की दुसरेच सायकलवाले दिसतात. रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन, कामावर निघालेले गवंडी, हँडलला डब्याची पिशवी, मागे कॅरिअरवर दोरीने बांधलेली थापी आणि ओळंबा. त्यांना सायकल परवडते म्हणून ते सायकलवर आहेत. बीआरटीएसबरोबर त्यांच्यासाठीही वाट आखली होती. तिच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि ही माणसे बसच्या आणि ट्रकच्या कडेने जीव मुठीत धरून जाऊ लागली. तीच वाट पुन्हा नुसता रंग मारून आखली तर तेच होईल. कडेला दगडी कठडा हवा, आणि चौराह्यावर ती तुटता कामा नये. सायकलवाल्याला खरा धोका वळणावर असतो, सरळ रस्त्यावर नसतो.

रस्ता ओलांडण्याचेही तेच. सेकंदाला 1.2 मीटर ही धडधाकट माणसाची चाल धरली तरी 30 मीटर ओलांडायला 25 सेकंद लागतात. म्हाताऱ्या माणसाला त्याहून जास्त. सिग्नलचे गणित या माणसापासून सुरू व्हावे. पादचारी पूल बांधून हा प्रश्न सुटत नाही. ज्याला जिना चढवतो, त्याला तसाही रस्ता पळत ओलांडता येतो.

आता पैशांकडे येते. चेन्नईच्या महापालिकेने 2014 मध्ये धोरणच केले की वाहतुकीच्या निधीतला किमान 60 टक्के भाग पायी आणि सायकलने जाणाऱ्यांच्या सोयींवर खर्च व्हावा. इंदूरला पैसा उभा करता येत नाही असे कोण म्हणेल? फेब्रुवारी 2023 मध्ये जलूदच्या सौर प्रकल्पासाठी महापालिकेने 244 कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, आणि लोकांनी त्याच्या कितीतरी पट मागणी नोंदवली. तिथे विजेच्या बिलात होणारी बचत होती, म्हणून कर्ज फेडता येते. फुटपाथ असा पैसा परत देत नाही. म्हणून तो रोख्यांवर किंवा एखाद्या योजनेच्या उरलेल्या निधीवर सोडू नये. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्याचे स्वतंत्र शीर्ष असावे आणि त्यात देखभालीची रक्कम निराळी दाखवावी. 2017 पासून आपले शहर स्वच्छतेत पहिले येत गेले ते कचरागाडी रोज दारात येते म्हणून, आणि ती आली नाही तर कुणाला विचारायचे हे ठाऊक असते म्हणून. खचलेल्या फरशीबद्दल कुणाला विचारायचे, हे आज कुणीच सांगू शकत नाही. प्रत्येक झोनमध्ये त्यासाठी एक जबाबदार अभियंता नेमावा.

या शहराला याची परंपराही आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी 1918 मध्ये होळकर दरबारला इंदूरचा नगररचना अहवाल दिला. जुन्या वस्त्या कापून सरळ रुंद रस्ते काढण्याच्या ते विरोधात होते. आधी गल्ल्यांतून फिरून लोक कसे राहतात ते बघा, असा त्यांचा आग्रह असे. राजवाड्याच्या आसपास आजही जे चालण्यात सुख आहे, ते त्या अरुंद गल्ल्यांतच आहे.

एबी रोडचा नवा आराखडा मंजूर होण्याआधी तो झोन कार्यालयांत लावावा, त्यात फुटपाथ आणि सायकलमार्गाची रुंदी मीटरमध्ये लिहिलेली असावी, आणि हरकती घ्यायला निदान महिनाभराची मुदत द्यावी. गीता भवन भागातली आम्ही काही ज्येष्ठ मंडळी टेप घेऊन मोजमापाला यायला तयार आहोत. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयात देत आहे.

आपली,
गीता भवन परिसरातील एक रहिवासी