एकक सदिश सूत्रापुरता नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सदिशांचा, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींचा, धडा शिकून झालेल्या विद्यार्थ्याला एकक सदिश (एक एकक लांबीचा, निव्वळ दिशा दाखवणारा सदिश) काढायला सांगितला, तर तो बहुधा बिनचूक काढतो. पण ‘या बिंदूपासून त्या बिंदूच्या दिशेने १४ एकके गेल्यास आपण कोठे पोहोचू?’ असे विचारले की तोच विद्यार्थी थबकतो, असा माझा अध्यापनातील अनुभव आहे. एकक सदिश नेमका याच कामाचा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

समजा, अवकाशातील ‘अ’ या बिंदूचे निर्देशक (१, २, ३) आणि ‘ब’चे (३, ५, ९) आहेत. ‘ब’मधून ‘अ’ वजा केल्यावर मिळणाऱ्या (२, ३, ६) या सदिशात दिशा आहे खरी, पण तिच्यात दोन बिंदूंमधील अंतरही मिसळलेले आहे. ते अंतर म्हणजे घटकांच्या वर्गांच्या, म्हणजे ४, ९ आणि ३६ यांच्या, बेरजेचे वर्गमूळ ७. या ७ने तिन्ही घटकांना भागले की अंतर गळून पडते आणि एक एकक लांबीची निव्वळ दिशा उरते. तिला हव्या त्या अंतराने गुणून ‘अ’मध्ये मिळवायचे. १४ एककांसाठी मिळवायचा सदिश (४, ६, १२) आणि नवे स्थान (५, ८, १५), म्हणजे ‘ब’च्याही ७ एकके पलीकडे. ‘ब’पाशीच थांबायचे असेल, तर ठरवलेले पाऊल आणि उरलेले अंतर यांतील लहान ते घ्यावे, ही तुलना विसरल्यामुळेच संगणकीय खेळातील एखादे पात्र लक्ष्याच्या अलीकडे-पलीकडे थरथरत राहते.

१० एकके जायचे म्हणून भागाकार वगळून तिन्ही निर्देशकांत सरसकट १० मिळवणारेही पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात तेव्हा सुमारे १७.३२ एकके सरकणे होते. प्रतलात, म्हणजे द्विमितीत, हीच चूक केलेल्या खेळात दोन कळा एकदम दाबल्या, तर पात्र तिरके जाताना सुमारे १.४१ पट वेगाने धावते.

कोनांच्या वाटेनेही जाता येते. मात्र त्रिमितीत दोन कोन सांभाळावे लागतात आणि दिशा सरळ वर असली की त्यांतील आडव्या कोनाला काही अर्थच राहत नाही. सदिशांची अडचण एकच: ‘अ’ आणि ‘ब’ एकच असतील, तर सदिशाचे परिमाण, म्हणजे लांबी, शून्य येते आणि भागाकार करता येत नाही. तसा तो प्रश्नही निरर्थकच. आपण जेथे उभे आहोत तेथे जाण्याची दिशा कोणती सांगणार?

सदिशासाठीच्या ‘व्हेक्टर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘वाहून नेणारा’. आयरिश गणिती हॅमिल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात तो गणितात आणला, तो एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत नेणारी राशी म्हणून. आपला ‘सदिश’ हा शब्द दिशा चोख सांगतो, पण त्यातून हे ‘नेणे’ सुटते. ते शिकवण्यातून भरून काढावे लागेल. त्यासाठी नवा धडा नको. प्रश्नपत्रिकेत ‘एकक सदिश काढा’ यापुढे ‘आणि त्या दिशेने अमुक एकके गेल्यावरचे स्थान लिहा’ एवढे शब्द वाढवावेत, अशी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती आहे.

आपला,
गणिताचा एक शिक्षक